‘ईसीजी नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका

जानेवारीतली गोष्ट. देवगड तालुक्यातले पन्नाशीचे एक आंबा बागायतदार रात्री साडेअकराला दवाखान्यात आले. छातीत धडधड, हातांना मुंग्या, अंग घामाने भिजलेले. ‘‘डॉक्टर, माका अ‍ॅटॅक इलो,’’ एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ईसीजी नॉर्मल आला. चार महिन्यांतला हा तिसरा. त्याआधी कोल्हापूरला जाऊन टूडी इको, थायरॉईड, साखर सगळे तपासून झाले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘‘काही नाही झालेलं. टेन्शन घेऊ नका.’’ झोपेच्या चार गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. आता ते एकटे बागेत जात नव्हते. फवारणीला माणसे लावली होती, पण स्वतः घराच्या पडवीतून हलत नव्हते. मला म्हणाले, ‘‘काय नाय, तर मगे ह्या जाता कित्या?’’ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत, प्रश्न मात्र त्यांचाच आहे.)

त्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्याच रात्री द्यायला हवे होते. त्यांना जे होत होते त्याला नाव आहे. एकाएकी येणारा तीव्र भीतीचा झटका म्हणजे पॅनिक अ‍ॅटॅक. झटका पुन्हा येईल या धास्तीने माणूस एकेक जागा, एकेक काम टाळू लागतो, तेव्हा तो आजार होतो. हृदय निरोगी असते, पण धोक्याची घंटा वाजवणारी शरीराची यंत्रणा विनाकारण वाजत राहते. धडधड खरी असते, घाम खरा असतो. म्हणून ‘काही नाही’ हे उत्तर चूक आहे.

काळजी आणि आजार यांतला फरकही सांगायला हवा. मोहोर आला की थंडी टिकेल का, अवकाळी पाऊस येईल का, फुलकिडे आवरतील का, ही काळजी देवगडात कुणाला नाही? ट्रॉलर समुद्रात असताना वारा सुटला तर घरच्यांना झोप लागत नाही, हेही साहजिक आहे. अशी काळजी कारण सरले की ओसरते. आजारातली ओसरत नाही. आठवडेच्या आठवडे, बहुतेक दिवस मन धास्तावलेले असते, झोप मोडते, चिडचिड होते, कामे टळतात. हे मोजण्यासाठी ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाला 21 पैकी गुण द्यायचे. 10 किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जावे. ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

उपचार दोन प्रकारचे. एक औषधे, दुसरा बोलून केलेले उपचार. चिंतेवरची मुख्य औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. अल्प्राझोलामसारख्या गोळीने अर्ध्या तासात बरे वाटते, म्हणूनच ती घातक ठरते. महिनोन् महिने घेतली की सवय लागते आणि अचानक सोडली की त्रास दुप्पट होतो. आमच्यासारखे जनरल प्रॅक्टिशनर ही गोळी फार सहज लिहितात. कारण ती लिहायला एक मिनिट लागतो आणि बोलायला पाऊण तास.

बोलून केलेल्या उपचारांत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा पुरावा भक्कम आहे. ‘धडधडले म्हणजे मी मरणार’ हा विचार पकडायचा, तपासायचा आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने परत जायचे, असे तिचे स्वरूप आहे. बहुधा 8 ते 16 बैठका लागतात. हे कौशल्य आहे. पोहण्यासारखे शिकवता येते, शिकता येते.

पण शिकवणार कोण? इथे पाट्यांचा गोंधळ आधी सोडवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषधे तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतात. त्यांचे खास प्रशिक्षण झालेले असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती तुम्ही तपासू शकता. समुपदेशकांत मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे उत्तम काम करणारे आहेत, तसे थोड्या दिवसांच्या कोर्सवर पाटी लावणारेही आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: शिक्षण काय? चिंतेचे किती रुग्ण पाहिलेत? कोणती पद्धत वापरता? साधारण किती बैठका, फी किती? मी सांगितलेले कुणाला कळेल का? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. एका बैठकीत पूर्ण बरे करण्याची हमी देणारा, डॉक्टर नसताना गोळ्या सुचवणारा किंवा चालू औषधे बंद करायला सांगणारा भेटला तर सरळ उठून या. तीन-चार बैठकांनंतरही सूर जुळला नाही तर माणूस बदला. त्यात कुणाचा अपमान नाही.

देवगडकराची खरी अडचण यापुढे सुरू होते. ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर नांदगाव तिठ्यावरून महामार्गाला लागायचे. एसटीने गेले तर दिवस मोडतो. आठ बैठका म्हणजे आठ दिवसांची मजुरी, तीही सोबतीच्या माणसासकट, कारण या रुग्णाला एकट्याने प्रवासच जमत नाही. त्यात लाज. मानसोपचार म्हटला की आपल्याकडे पहिली आठवण 1886 पासूनच्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची, आणि ‘याला रत्नागिरीला न्या’ ही थट्टा ठरलेली. मग माणूस देवाला गाऱ्हाणे घालतो, कौल लावतो. गाऱ्हाण्याने धीर येत असेल तर जरूर घाला, पण त्यापायी उपचार लांबवू नका.

आज हाताशी काय आहे? 14416 हा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. सुरुवात इथून करावी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आत्ताच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. नियमित थेरपीसाठी व्हिडीओ किंवा फोनवरून बैठका घेणारे मराठी तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आहेत. चिंतेच्या त्रासात अशा बैठकांचा उपयोग समोरासमोरच्या बैठकांइतकाच होतो, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. घरात एकांत नसेल तर रेंज येते अशा ठिकाणी, बागेतल्या मांगरात बसून बोला.

पण हे रुग्णाने शोधायचे मार्ग झाले. सगळे ओझे त्याच्यावरच का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. तरी 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात पुरतील एवढे नजीकच्या काळात तयार होणार नाहीत, हे मान्य. पण चिंतेच्या प्रत्येक रुग्णाला ते लागतातच असे नाही.

याचा पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या 24 दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. 2010 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य क्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून दवाखान्यात बसवले. अवघड रुग्णांसाठी मागे मानसोपचारतज्ज्ञ होतेच. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंतेचे सुमारे 66 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जिथे असे समुपदेशक नव्हते तिथे हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण आपल्या मागणीला तेच पूरक आहे: गरज सरकारी दवाखान्यात जास्त आहे.

काहींना हा गरिबांसाठीचा दुय्यम उपचार वाटेल. मला तसे वाटत नाही. घरापासून अर्ध्या तासावर, मालवणीत बोलणारी, पद्धत शिकलेली आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती त्या बागायतदाराला माझ्या चार गोळ्यांपेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडली असती. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात असा पूर्णवेळ समुपदेशक आणि ठरलेल्या वारी येणारा मानसोपचारतज्ज्ञ, एवढीच मागणी आहे. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याबरोबर तीही मांडायला हवी.

ते बागायतदार सध्या आठवड्यातून एकदा फोनवर बैठक घेतात. पहिल्या महिन्यात बागेच्या गडग्यापर्यंत, दुसऱ्यात पहिल्या कलमापर्यंत, असे ते एकट्याने जाऊ लागले आहेत. झटके पूर्ण थांबलेले नाहीत, पण आला तरी ते धावत दवाखान्यात येत नाहीत. मीही एक गोष्ट बदलली आहे. ईसीजी नॉर्मल आला की ‘काही नाही’ म्हणत नाही. म्हणतो, ‘‘हृदय चांगलं आहे. आता बसा, तुम्हाला काय होतंय ते बोलू या.’’