तिशीतल्या माणसाचं गाणं

पोलीस शिपाई भरतीसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ वर्षं आहे आणि राखीव प्रवर्गाची ३३. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांच्या आयुष्याचे या आकड्यांनी दोन तुकडे केले आहेत. पोरगं पहाटे उठून मैदानावर पळत असतं, तोवर गाव त्याच्याकडे आशेनं बघतं. वय निघून गेलं की तेच गाव विचारतं, ‘मग आता काय करायचं ठरवलंस?’ अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर दहा वर्षांनी लहान पोरं येऊन बसतात. जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. सोयरीक जमत नाही, वडील थकलेत. त्याच वयाची त्याची बहीण दोन लेकरांची आई झालेली असते आणि दिवाळी सरली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघते.

तिशी हे आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यांत जड वय आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. विशीत चुकायला वाव असतो. साठीत सांगायला अनुभव असतो आणि ऐकायला अभंग असतात. तिशीत मात्र सगळं घर खांद्यावर असतं आणि त्या खांद्यावर हात ठेवणारं कुणी नसतं. आपली गाणीसुद्धा या माणसाला वगळून पुढे जातात. प्रेमाची गाणी त्याच्याहून लहानांसाठी असतात, भक्तीची गाणी त्याच्या आईवडिलांसाठी. वरातीतल्या डीजेवर तो तासभर नाचतो, पण सकाळी त्यातलं काहीच त्याच्या उपयोगाला येत नाही.

हे जाणवलं ते जपानी गाण्यांमुळे. चाकणला एका जपानी कंपनीत कामाला असलेल्या माझ्या भाच्यानं काही गाणी पाठवली. शब्द कळेनात, म्हणून त्याच्याकडून अर्थ समजून घेतला, मग ती गाणी कधीची आणि कुणासाठीची हे शोधत गेलो. जपानमध्ये धीर देणाऱ्या गाण्यांचा एक वेगळा प्रकारच आहे. त्यातली काही गाणी अशा पिढीच्या तोंडी बसली, जिची अवस्था ऐकून मला आपलीच पोरं आठवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली जमिनी आणि शेअरच्या भावांची फुगलेली तेजी कोसळली. कंपन्यांनी नव्या भरत्या आखडत्या घेतल्या. त्या वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या लाखो तरुणांना कायमची नोकरी मिळालीच नाही. तात्पुरत्या कामांवर त्यांची तिशी उजाडली आणि सरलीसुद्धा. त्या काळाला जपानी लोक रोजगाराचं हिमयुग म्हणतात.

या पडझडीच्या सुरुवातीलाच, जानेवारी १९९३ मध्ये, ‘मकेनाइदे’ हे गाणं आलं. ‘हरू नकोस’ असा त्याचा अर्थ. झार्ड या गटाच्या गायिका साकाई इझुमी यांनी ते लिहिलं आणि गायलं. त्याच्या सोळा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या गाण्यात जिंकण्याची हमी कुठेच नाही. कुणीतरी लांबून आपल्याकडे बघत आहे आणि आपण शेवटपर्यंत पळावं एवढंच त्याला वाटतं, हा त्याचा भाव आहे. तिथल्या एका वाहिनीवर दरवर्षी २४ तासांचा मदतनिधीचा कार्यक्रम होतो, त्यात कुणी कलाकार लांब पल्ल्याची दौड करतो आणि त्याच्यासाठी हे गाणं गातात. साकाई इझुमी २००७ मध्ये, कर्करोगावर उपचार सुरू असताना, वयाच्या ४० व्या वर्षी गेल्या. गाणं अजून गायलं जातं.

दुसरं गाणं नाकाजिमा मियुकी यांचं, ‘चिजो नो होशी’, म्हणजे जमिनीवरचे तारे. २००० साली एनएचके वाहिनीवर ‘प्रोजेक्ट एक्स’ नावाची माहितीपटांची मालिका सुरू झाली. ज्यांची नावं कुठे छापून येत नाहीत अशा अभियंत्यांची आणि कामगारांची ती कहाणी होती आणि हे तिचं शीर्षकगीत. २००२ च्या शेवटच्या रात्री नाकाजिमा यांनी ते कुरोबे जलविद्युत केंद्राच्या बोगद्यातून गायलं. त्या केंद्रासाठी बांधलेल्या धरणाच्या कामात १७१ माणसं मेली होती. सारा देश वर्षअखेरचा गाण्यांचा कार्यक्रम बघत बसलेला असताना त्या माणसांच्या कामाच्या जागेवरून हे सूर आले. त्यानंतरच्या महिन्यात, म्हणजे प्रसिद्ध झाल्यावर अडीच वर्षांनी, ते गाणं विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. राबणाऱ्या माणसाला त्यात स्वतःचा मान दिसला, म्हणून तो ते इतकी वर्षं ऐकत राहिला असं मला वाटतं.

हे ऐकताना मनात येतं की धीर देणारं गाणं आपल्या मातीला नवीन नाही. आपल्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर गायलं. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही आहेत. १९९६ साली त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या त्या ओव्या आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. सासरचा जाच असो, दुष्काळ असो की बाबासाहेबांमुळे ताठ झालेली मान असो, बाई ते दळता दळता गात होती आणि समोर खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई ते उचलत होती. ऐकणारी समोरच होती आणि तिचं दुःखही तेच होतं. ओवीचं बळ त्यात होतं.

दुसरा आधार वामनदादा कर्डक यांचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्टाची कामं करता करता मोठेपणी अक्षरं गिरवायला शिकला आणि १९४३ पासून गाणी लिहू लागला. २००४ मध्ये जाईपर्यंत ते गात राहिले. आजही एप्रिल महिन्यात, आंबेडकर जयंतीच्या दिवसांत, बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवर त्यांची गाणी गायली जातात, तेव्हा ऐकणाऱ्याची पाठ सरळ होते. कारण वामनदादा ऐकणाऱ्याची कीव करत नाहीत. तू कोण आहेस याची ते त्याला आठवण करून देतात.

आता जातं गेलं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठमोठे साउंड बॉक्स आले. कोप्यांमध्ये हातोहाती मोबाइल आहेत, म्हणजे ऐकायची सोय पूर्वी कधी नव्हती इतकी झाली आहे. फडातल्या बाईसाठी नवं गाणं मात्र कुणी लिहीत नाही. ती पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. उचल फिटेपर्यंत थांबता येत नाही, आजारी पडलं तर खाडा धरतात. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. या बाईच्या तिशीबद्दल आपण अहवाल लिहिले, बातम्या छापल्या. ते करायलाच हवं होतं. पण तिला स्वतःला गुणगुणता येईल असं आपण काय दिलं?

अविनाश साबळे आठवतात तेही यासाठीच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू लष्करात गेल्यावर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. वयाची तीस वर्षं पूर्ण केल्यावर, जुलै २०२५ मध्ये, मोनॅकोच्या शर्यतीत त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्या पदकांचे फलक आपण चौकाचौकांत लावले. दुखापतीनंतर पुन्हा उभं राहायचं असतं, ते महिने मात्र फलकांवर येत नाहीत. धीराचं गाणं त्याच महिन्यांसाठी हवं असतं, मग माणूस देशासाठी पळणारा असो की गावच्या मैदानावर.

गाण्यानं पोट भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. जपानलाही ते कळलं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारला हिमयुगातल्या त्या पिढीसाठी, जी तोवर पस्तिशी-चाळिशीत पोचली होती, कायमच्या नोकऱ्यांचा तीन वर्षांचा खास कार्यक्रम जाहीर करावा लागला. आपल्याकडेही भरत्या वेळेवर व्हाव्यात, फडावर दवाखाना पोचावा, कोयत्याला रास्त दर मिळावा. या मागण्या गाण्याखाली झाकून टाकता येणार नाहीत. पण मागणी करायलाही माणूस उभा असावा लागतो, आणि रात्री अडीच-तीनला जाग आलेल्या माणसाला सकाळपर्यंत नेण्याचं काम गाणं करू शकतं. आपल्या जिल्ह्यानं अशा किती रात्री किती घरांत अंधारातच संपलेल्या पाहिल्या आहेत!

म्हणून या जिल्ह्यातल्या कवींना, शाहिरांना आणि मोबाइलवर स्वतःची गाणी टाकणाऱ्या तरुण गायकांना माझी विनंती आहे. पुढचं गाणं तिशीतल्या माणसासाठी लिहा. त्याला ‘तू जिंकशील’ असं खोटं सांगू नका, आणि त्याची कीवही करू नका. शब्द आपल्या बोलीतले ठेवा, चाल अशी ठेवा की मोळी बांधताना गाता येईल. बीडच्या आकाशवाणीनं अशा गाण्यांसाठी आठवड्यातला एक तास राखून ठेवावा, आणि ऊसतोड टोळ्या गाव सोडतात त्या आठवड्यात त्याची सुरुवात करावी. वाचकहो, तुमच्या ओळखीत तिशीतलं कुणी गप्प गप्प राहत असेल, तर गाणं तयार होईपर्यंत थांबू नका. आजच त्याला फोन करा.