सहलीला थर्मामीटर घेऊन जा

डिसेंबर आला की स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो आणि दरवर्षी एकच उत्तर येतं, वॉटर पार्क. सहल झाली की मी सातवीला ‘माझी सहल’ हा निबंध देतो. चाळीस वह्या तपासतो आणि जवळपास सगळ्यांत तेच वाक्य असतं, ‘आम्ही खूप मजा केली.’ पूर्वी मी मुलांवर चिडायचो. आता वाटतं, चूक निबंधात नाही, सहलीतच आहे. पाहण्यासारखं, विचारण्यासारखं काही नसेल तर मूल लिहिणार तरी काय?

आणखी एक गोष्ट. वॉटर पार्कच्या सहलीला वर्गातली सहा-सात मुलं हमखास गैरहजर असतात. त्यांना नेमका त्याच दिवशी ताप येतो. तो ताप फीचा असतो, हे आपल्याला ठाऊक असतं, पण आपण बोलत नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही बस वज्रेश्वरीकडे वळवली. उल्हासनगर कॅम्प १ मधून कल्याण, भिवंडी, अंबाडी असा रस्ता, अंतर चाळीसेक किलोमीटर. वर्गणी बसभाड्यापुरती, डबा घरचा. त्या दिवशी कुणालाही ताप आला नाही!

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीच्या खोऱ्यातली एकमेकांना लागून असलेली गावं. तिन्हीकडे जमिनीतून गरम पाणी येतं. वज्रेश्वरीचं मंदिर १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलं. म्हणजे इतिहासाचा तास पायऱ्या चढतानाच झाला. खरी गंमत मात्र कुंडांवर आली. एका मुलाने घरून ताप मोजायचा थर्मामीटर आणला होता. त्यावरचे आकडे ४२ अंशांवरच संपतात, आणि पाणी पन्नासच्या आसपास! प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोबत होता म्हणून बरं. शेजारशेजारच्या कुंडांचं तापमान वेगवेगळं निघालं आणि मुलं धावतच वहीत आकडे लिहू लागली.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, खाली ज्वालामुखी आहे का?” मी बिनधास्त ‘हो’ म्हणालो.

घरी येऊन वाचलं, तर उत्तर चुकलेलं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे हे खरं, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. इथे होतं असं की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खाली मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. सोमवारी वर्गात गेल्यावर आधी कबूल केलं, “मी चुकीचं सांगितलं.” वर्ग एकदम शांत झाला. मग फळ्यावर गणित मांडलं. वरचं पाणी २७ अंश, कुंडातलं ५०, तर पाणी किती खोल जाऊन आलं? मुलांनीच उत्तर काढलं, किमान पाऊण-एक किलोमीटर. ‘किमान’ का, तर वर येता येता ते थोडं निवतं. भूगोल आणि गणित असं एका फळ्यावर क्वचितच येतं.

देवीने मारलेल्या असुरांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी तिथली कथा आहे. ती सांगणाऱ्या आजींना मी अडवलं नाही. ‘पाणी गरम का?’ हा प्रश्न त्यांच्या पूर्वजांनाही पडलाच होता. मुलांना दोन्ही उत्तरं कळू द्यावीत आणि तपासून कुठलं पाहता येतं हेही कळू द्यावं.

काही पालक म्हणाले, “सर, सहलीतही अभ्यास?” अहो, पाय पाण्यात सोडून डबा खाण्यात मजा नाही का? फक्त ही काळजी घ्या:

- आधी शिक्षकांनी पाणी मोजावं. पन्नास अंशांच्या पाण्याने मुलांची कातडी भाजते. कमी गरम कुंडातच, थोडाच वेळ पाय सोडू द्या.
- डोकं बुडवू देऊ नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका.
- साबण, शाम्पूच्या पुड्या नेऊ नका. दुसऱ्यांनी टाकलेल्या पुड्या उचलायला मात्र एक पिशवी न्या.
- ‘इथे त्वचेचे रोग बरे होतात’ हे ऐकायला मिळेल. डॉक्टरांचं औषध थांबवू नका, हे मुलांना सांगा.
- पावसाळ्यात जाऊ नका. तानसेला पूर येतो.

आता निबंधांविषयी. या वेळी चाळीस वह्यांत चाळीस वेगळे निबंध आले. एका सिंधी मुलीने पणजोबांना सहलीची हकिकत सांगितली. ते म्हणाले, असं पाणी आमच्या कराचीजवळही होतं, मंघोपीरला. भोवती ओसाड, कोरड्या टेकड्या, मध्ये गरम झरा, पिराचा दर्गा आणि शेजारच्या तळ्यात मगरी! फाळणीनंतर ते लहानपणीच इथल्या निर्वासितांच्या छावणीत आले. त्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. मुलीने शेवटी लिहिलं होतं, ‘पणजोबा मंघोपीरबद्दल याआधी कधीच बोलले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.’

हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं, आणि कुठल्याही निबंधमालेत ते सापडलं नसतं. यंदाच्या पालकसभेत सहलीचा विषय निघेल, तेव्हा तिकीट केवढ्याला एवढंच विचारू नका. तिथून आल्यावर मुलं घरी काय विचारतील, हेही एकदा विचारा.