कळमन्यातही बैठक घ्या

स्वदेशी जागरण मंचाच्या पदाधिकाऱ्यांस,

तुमचा मंच १९९१ साली नागपुरातच स्थापन झाला. त्यामागे उभे राहिलेले दत्तोपंत ठेंगडी आमच्या आर्वीचे. म्हणून हे पत्र हक्काने लिहितो आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तुम्ही आरसेप या मुक्त व्यापार कराराविरुद्ध देशभर निदर्शने केलीत. न्यूझीलंडची दूध पावडर आणि चीनचा स्वस्त माल इथला बाजार बुडवेल, असे तुम्ही सांगत होता. डाव्या शेतकरी संघटनाही तेच सांगत होत्या. ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारताने करारातून अंग काढून घेतले. ते एकट्या तुमच्यामुळे झाले नाही, पण दिल्लीत तुमचा शब्द ऐकला जातो हे खरे.

विदर्भातल्या कास्तकाराचा शब्द तिथवर पोचत नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड उद्योग अडचणीत आला होता आणि त्याच्या संघटना ही सूट मागत होत्या. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण आमच्याकडे दसरा-दिवाळीलाच वेचणीचा कापूस घरात येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत परदेशी गाठींना रान मोकळे राहिले.

संत्र्याचेही तेच. नागपुरी संत्र्याचे परदेशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयातशुल्क वाढवत नेले, तसा वरुड-मोर्शी-काटोलचा माल सीमेपलीकडे जाण्याऐवजी इथेच तुंबू लागला. आंबिया बहारात नागपूरच्या कळमना बाजारातल्या लिलावाला या. चांगल्या फळाचा ढीग चटकन उचलला जातो; बारक्या फळाच्या ढिगापाशी कास्तकार अडत्याच्या तोंडाकडे बघत उभा असतो. ढाक्यातला निर्णय त्याला तिथे, किलोमागच्या भावात कळतो.

कास्तकाराला नेहमी आयातशुल्काचे कुंपणच हवे असते, असेही समजू नका. शरद जोशींची शेतकरी संघटना खुल्या बाजारासाठी भांडली, आणि तिच्या मागेही याच भागातली माणसे होती. त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकावी लागेल.

म्हणून विनंती आहे. परदेशांशी होणाऱ्या करारांबद्दल मंत्र्यांना जी निवेदने देता, ती मराठीत छापून बाजार समित्यांत लावा. कापड उद्योगाच्या संघटनांनाही तसेच करायला सांगा. पुढच्या करारापूर्वी एक बैठक कळमन्यात आणि एक वर्ध्याच्या एखाद्या जिनिंगमध्ये घ्या. तुमच्या मताविरुद्ध बोलणारा उठला, तर त्याचे म्हणणेही निवेदनात घालून दिल्लीला पाठवा.

आपला,
एक नागपूरकर