सातबाऱ्यातले हेक्टर आणि मनातले एकर

नरडाण्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावरचे दगड किलोमीटर सांगतात, दुकानातला काटा किलो सांगतो. पण शेत किती, असे तुम्हाला कोणी विचारले तर उत्तर येते एकरात अन् गुंठ्यात. त्यात वावगे काही नाही. शेर-मणाच्या जागी किलो आणायचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून नवी वजने आली, १९६२ पासून सक्तीची झाली. तरी आपण अडीचशे ग्रॅमला पावशेरच म्हणतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र बिघडते. सातबाऱ्यावर १.२० लिहिलेले असते. पुष्कळ जण ते एक एकर वीस गुंठे असे वाचतात. ते असते एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकरांना दीडेक गुंठा कमी. जवळजवळ दुप्पट! भावाभावांच्या वाटणीला बसताना ही चूक झाली तर काय होईल, ते सांगायला नको.

यावर सोपी युक्ती आहे. मधला ठिपका पुसा. १.२० चे झाले १२० आर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला ३३ फूट लांब-रुंद गुंठा १०१ चौरस मीटरांचा. दोघे जवळपास सारखेच. म्हणून १२० ला ४० ने भागा, तीन एकर आले. अंदाजाला हे पुरे, खरेदीखताला नव्हे.

खताचेही तसेच. शिफारस हेक्टरी असते आणि आपण टाकतो एकरी. समजा, हेक्टरी १०० किलो नत्र द्यायला सांगितले. युरियात नत्र शेकडा ४६. गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ ची झाली, हे ध्यानात ठेवा. हेक्टरला लागल्या सुमारे पाच गोण्या, एकराला दोनच, आणि त्याही हप्त्याहप्त्याने. पाचही गोण्या एका एकरात गेल्या तर कपाशी काळीभोर दिसते, शेजारी वाखाणतो, आणि मागाहून मावा-तुडतुडे येतात. मग फवारणीचा खर्च निराळा.

फवारणीत औषधाच्या बाटलीचे टोपण माप म्हणून वापरू नका. टोपणे लहानमोठी असतात. लिटरला २ मिलिलिटर सांगितले असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिलिलिटर. खुणा असलेले माप घ्या. ताई-माईंनो, ते माप परत स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

तुमच्या कामाचे आणखी एक. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. सासूबाईंची जुन्या मापाची पाच तोळ्यांची पाटली ५८ ग्रॅमच्या वर भरायला हवी. मोडायला नेलीत तर तोळे विचारू नका, ग्रॅम विचारा.

आणि पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २५ मिलिमीटर झाला की एका एकरावर लाखभर लिटर पडले. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा अंगणात झाडा-छपरापासून दूर ठेवा आणि पाऊस थांबल्यावर त्यात पोरांची पट्टी उभी बुडवा. पट्टीचा शून्य काठापासून जरा आत असतो, तेवढे धरून मोजा.