इंजिनाचं आडनाव

टोयोटा ८६ किंवा नव्या सुप्राचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "छे, ही कसली टोयोटा? इंजिन तर दुसऱ्याचंय." स्वर असा, की जणू कोणी लग्नात भाड्याचा कोट घालून आलंय. या तुच्छतेमागे अभ्यास कमी आणि शुद्धतेचा सोस जास्त आहे.

८६ घ्या. २०१२ साली आलेली ही गाडी टोयोटा आणि सुबारूने मिळून केली. सुबारूकडे तिचं नाव बीआरझेड. इंजिन सुबारूच्या घराण्यातलं, बॉक्सर: चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यामुळे इंजिन बुटकं आणि गाडीचा भार जमिनीलगत. पण १९९८ सीसीतून, टर्बो न लावता, २०० पीएस काढायचे होते. इथे टोयोटाची डी-४एस पद्धत कामी आली. प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर. एक थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतो, दुसरा हवा आत येण्याच्या वाटेवर. थेट फवाऱ्याने आतली हवा थंडावते, म्हणून १२.५ इतकं कॉम्प्रेशन ठेवूनही नॉकिंग आवरतं.

आता सांगा, हे इंजिन कोणाचं? बॉक्सर एकाचं, फवारणी दुसऱ्याची.

दोष होताच. ४,००० आरपीएमच्या आसपास टॉर्क खचायचा. पण तो भागीदारीचा दोष नव्हता. त्याच भागीदारीने २०२१ मध्ये २३८७ सीसीचं इंजिन दिलं आणि २५० एनएम टॉर्क ३,७०० आरपीएमलाच मिळू लागला.

शुद्धतावाद्यांना इतिहासही साथ देत नाही. टोयोटाची सर्वांत पूजली जाणारी गाडी कोणती? १९६७ ची २०००जीटी. तिचं इंजिन मूळचं टोयोटा क्राउनचं, त्यावर ट्विन-कॅम हेड यामाहाने बसवलं, आणि गाडी बांधलीही यामाहानेच. तिला उसनी म्हणायची कोणाची हिंमत होत नाही.

आपल्याकडचंही पाहा. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही बॉनेटखाली होतं. स्विफ्ट डिझेल घेणाऱ्याने कधी इंजिनाचं कूळ विचारलं? मायलेज विचारलं, आणि योग्यच विचारलं.

म्हणजे टीका करूच नये का? जरूर करावी, पण कसोटी नीट लावून: दोघांनी मिळून असं काही केलं का, जे एकट्याने झालं नसतं? बलेनोवर बिल्ला बदलून ग्लान्झा विकली, तिथे नाक मुरडा. २०१९ च्या सुप्रात बीएमडब्ल्यूचंच तीन लिटरचं इंजिन आहे, तिथेही प्रश्न विचारा. ८६ मात्र या कसोटीवर सरळ पास होते.

आणि मूळ मुद्दा पैशाचा आहे. नवं इंजिन आखणं, त्याचे साचे, उत्सर्जनाच्या चाचण्या, हा खर्च गाड्या कमी विकल्या म्हणून कमी होत नाही. आवाक्यातली स्पोर्ट्स कार मुळात कमीच खपते. त्यामुळे निवड 'स्वतःचं इंजिन की वाटून घेतलेलं' अशी नसतेच. वाटून घेतलेली गाडी, किंवा गाडीच नाही, अशी ती असते. शुद्धतेचा हट्ट जिंकला, तर अशा गाड्या फक्त कोट्यधीशांच्या गॅरेजात उरतील.

आडनाव विचारून माणूस कळत नाही. इंजिनही कळत नाही.