भूतकथा म्हणून हिणवू नका

रहस्यकथा आणि भूतकथा हे रिकाम्या वेळेचे वाङ्‌मय, मुस्लिम मराठी लेखकाने त्यात पडू नये, असे आमच्यातले जाणते वारंवार सांगतात. आमचे गंभीर लेखन म्हणजे आत्मकथन, तलाकपीडितेची व्यथा किंवा वैचारिक लेख, अशी चौकटच ठरून गेली आहे. आम्हाला ही चौकट मान्य नाही.

इराकी लेखक अहमद सादावी यांची ‘बगदादमधला फ्रँकेन्स्टाइन’ ही अरबी कादंबरी पाहा. ती २०१३ साली निघाली आणि २०१४ साली तिला अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कथा २००५ च्या बगदादची. अमेरिकेच्या आक्रमणाला दोन वर्षे झाली आहेत आणि शहरात बॉम्ब फुटत आहेत. बताविन मोहल्ल्यातला हादी हा भंगारवाला स्फोटांत मेलेल्यांचे अवयव गोळा करतो आणि ते शिवून एक अख्खी मय्यत तयार करतो. कशासाठी? त्या तुकड्यांना कुणी कचरा समजू नये, त्यांनाही इज्जतीने दफन मिळावे म्हणून. हे किळसवाणे आहे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: ज्यांना धड जनाजाही नशिबी नाही, त्यांचे दुःख कोणत्या सभ्य शैलीत सांगायचे?

स्फोटात ज्याच्या देहाचे काहीच उरले नाही, अशा एका पहारेकऱ्याचा आत्मा त्या मय्यतीत शिरतो. ती उठते आणि खून सुरू होतात. ज्याचा अवयव, त्याच्या मारेकऱ्याचा बदला. बदला पुरा झाला की तो अवयव कुजून गळतो, मग नवा लागतो. हळूहळू गुन्हेगारांचे मांसही जोडले जाते आणि निरपराध कोण, अपराधी कोण, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. सूड म्हणजे न्याय नव्हे, हे शंभर व्याख्यानांनी पटत नाही, ते इथे पटते. भुतांवर विश्वास ठेवणे आमच्या अकीद्यात बसत नाही, हा आक्षेपही इथे गैरलागू आहे. लेखक भुतावर ईमान आणायला सांगत नाही, माणसांनी काय केले ते दाखवतो.

आणि तपास? तपास करणारा अधिकारी ज्योतिषी पदरी बाळगतो. अखेर खुनी म्हणून पकडला जातो तो स्फोटात चेहरा जळालेला हादी. खरा खुनी मोकळाच राहतो. हे वाचताना आम्हाला मालेगाव आठवले. २००६ च्या स्फोटांत मेले ते आमचेच लोक आणि पकडले तेही आमचेच. विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ साली. दहा वर्षे ज्या घरांनी रात्री दारावरच्या थापेची धास्ती घेतली, त्या घरांची गोष्ट मराठीत कुणी लिहायची?

ती आम्हीच लिहिली पाहिजे. दुसऱ्या कुणी लिहिली, तर तिच्यात आम्ही भूत म्हणून येऊ, माणूस म्हणून नाही.