सोमवारी सकाळी हौदा रिकामा हवा

तुमच्या सेव्ह केलेल्या रील्समध्ये एक तरी पिकअप नक्की असणार. मागची काच वर जाते, आत पांढरी गादी, पिवळ्या दिव्यांची माळ, वाफाळता मग आणि समोर बर्फाचा डोंगर. खाली ओळ असते, 'जॉब सोडला, गाडी घेतली, निघालो.' आपण ती ग्रुपवर टाकतो. मग कुणीतरी लिहितं, 'भावा, कधी निघायचं?' आणि विषय तिथंच संपतो.

तो संपू नये असं वाटत असेल तर आधी गाडीचं बोलू. रीलमधली पिकअप बहुतेक वेळा परदेशातली असते. आपल्याकडे टोयोटाची हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस अशा हौसेच्या पिकअप मिळतात, पण त्यांच्या किमती वीस लाखांच्या पुढं. कॉलेजमध्ये शिकणाऱ्याच्या हाताला लागू शकते ती वेगळी पिकअप. घरच्या धंद्यासाठी आलेली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारी, निफाडहून द्राक्षं उचलणारी, दूध, मंडप किंवा प्लंबिंगचं सामान वाहणारी. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परचंच बघा. नावात 'कॅम्पर' आहे, पण पुढं पाच माणसं आणि मागं साधारण टनभर माल हे तिचं खरं काम. अशी नवी गाडी दारात उभी राहते, पप्पा हार घालतात, नारळ फुटतो आणि तुमच्या डोक्यात रील सुरू होते.

आमचं म्हणणं, रील सुरू होऊ द्या. घरच्या पिकअपची शनिवार-रविवारपुरती कॅम्पर खुशाल करा. अट एकच, सोमवारी सकाळी हौदा रिकामा झाला पाहिजे. पत्रा कापायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, कायमचं काही ठोकायचं नाही. जे चढवाल ते अर्ध्या तासात उतरवता आलं पाहिजे.

याचं पहिलं कारण घरातलंच. ती गाडी कमावते आणि तिच्या कमाईतून तिचा हप्ता जातो. आरसीवर बँकेचा बोजा असतो. तुमच्या पलंगामुळे सोमवारचा माल चढला नाही, तर तो पलंग कितीही भारी दिसत असला तरी घरात त्याचं कौतुक होणार नाही, आणि पुढच्या वेळी चावीही मिळणार नाही.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मालक तुम्ही नाही, आरसीवर नाव पप्पांचं किंवा काकांचं आहे. त्यामुळे गॅरेजवाला 'काही होत नाही, सगळेच करतात' म्हणाला, तरी हौद्यावर कायमची केबिन बसवण्याआधी आरटीओत विचारा. सामान म्हणून ठेवलेली गादी आणि क्रेट ही वेगळी गोष्ट आहे, वेल्डिंग केलेला सांगाडा वेगळी.

तिसरं कारण सगळ्यात साधं. आपल्याला नेमकं काय लागतं हे आपल्याला अजून माहीतच नसतं. दोन-तीन रात्री हौद्यात झोपून बघितल्याशिवाय ते कळतही नाही. आधी झोपा, मग खरेदी करा.

आता कामाला लागू. पहिलं हत्यार म्हणजे मेजरिंग टेप. डबल कॅब पिकअपचा हौदा लांबीला साधारण पाच फूट भरतो. तुमची उंची साडेपाच फूट असेल तर फाळका बंद ठेवून पाय सरळ होणार नाहीत. फाळका उघडा टाकून झोपावं लागेल आणि त्याला खालून टेकू लागेल. सिंगल कॅबचा हौदा आठ फुटांच्या आसपास असतो, तिथं हा प्रश्न येत नाही, पण पुढं माणसं कमी मावतात. म्हणजे किती जणं जाणार हे आधी ठरवायचं, पलंगाचं नंतर.

पलंगासाठी सुतार लागत नाही. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट घरात असतील तर अर्धं काम झालं. नेहमीचा क्रेट साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटरचा असतो. पाच-पाच क्रेटच्या दोन रांगा उलट्या मांडल्या की सहा फूट बाय साडेतीन फुटांचा ओटा तयार. क्रेट एकमेकांना बांधायचे, वर प्लाय आणि त्यावर गादी. डबल कॅबमध्ये रांगेत चारच क्रेट बसतील, उरलेला भाग रात्री फाळक्यावर येईल. दोन-तीन क्रेट सुलटे ठेवले तर आत कपडे आणि भांडी राहतात. ताडपत्रीच्या कमानी गाडीला आधीपासून असतील तर छप्परही झालं. फक्त ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळू नका. रात्रभर दोन माणसांच्या श्वासाची वाफ आत साचते आणि सकाळी गादी ओली लागते. दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवा.

मग वजन. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. त्यांच्यातला फरक ही तुमची मर्यादा आणि त्यात माणसंही आली. मालवाहू पिकअपमध्ये हा आकडा मोठा असतो. तरी वजन कुठं ठेवता याला महत्त्व आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा अख्खा प्लाय ३० किलोच्या वर जातो. जड वस्तू खाली आणि केबिनच्या पाठीला लागून ठेवा, हलक्या वर आणि मागं. टपावर जेवढं चढवाल तेवढी गाडी घाटाच्या वळणावर झुलेल. आणि रिकामी पिकअप उडते कारण तिचे पाटे माल पेलायला बनवलेले असतात. ती आपटते म्हणून पाटे काढून टाकायच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, जे ठेवाल ते बांधा. ताशी ६० च्या वेगानं जाणारी गाडी अचानक थांबली तर आतल्या सुट्या वस्तूचा धक्का सुमारे १४ मीटरवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून पडल्यासारखा बसतो. पाण्याचा २० लिटरचा कॅन आठवा आणि पुढं बसलेल्या मित्राची मान आठवा. रॅचेट बेल्ट कॉफी मेकरपेक्षा स्वस्त मिळतो.

विजेचा हिशेबही कागदावर करा. दोन फोन ३० वॉट-अवर, लॅपटॉपचं एक चार्जिंग ६०, पाच वॉटचा दिवा पाच तास म्हणजे २५, दहा वॉटचा छोटा पंखा आठ तास म्हणजे ८०. बेरीज २०० च्या आत. बारा व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,२०० वॉट-अवर देते. साधी लेड-ॲसिड असली आणि निम्मीच वापरली तरी ६०० मिळतात. म्हणजे शनिवार-रविवारसाठी त्याहून लहान बॅटरीही पुरते. फ्रिज नसेल तर सोलर पॅनलची घाई कशाला? बर्फाचा डबा घ्या. एक पथ्य मात्र कायम पाळा, गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्र काढायची नाही. सकाळी स्टार्टर नुसता 'टक' करेल. वेगळी बॅटरी घ्या आणि तिच्या प्लस टोकाजवळच फ्यूज लावा. नव्या गाडीचं वायरिंग कापलंत तर वॉरंटीचा वाद अंगावर येईल.

आता दोन गोष्टी अशा, ज्यात 'चलता है' चालत नाही. एक, ताडपत्रीच्या आत शेगडी, गॅस किंवा कोळसा पेटवायचा नाही, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतल्या माणसाला तो जागं करत नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात थंडी वाजली तर दुसरं पांघरूण घ्या. स्वयंपाक बाहेर, मोकळ्या हवेत करा.

दोन, गाडी चालू असताना मागं हौद्यात कुणी बसायचं नाही. 'मागं मस्त वारा लागतो' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. हौद्याला सीट नाही, बेल्ट नाही. मालवाहू गाडीच्या विम्यात हौशी प्रवासी धरलेले नसतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई घरावर येते. आरसीवर जेवढ्या सीट, तेवढीच माणसं. सहावा मित्र एसटीनं येईल. लायसन्सचा मुद्दा मात्र सुटलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. परमिट कुठपर्यंतचं आहे हे मात्र गोव्याचा बेत आखण्याआधी घरी विचारून घ्या.

हे सगळं नवीन वाटत असेल तर आषाढात आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर दिंडीबरोबर चालणारा एखादा ट्रक बघा. तंबू, शिधा, मोठी पातेली, वारकऱ्यांच्या वळकट्या, पाणी. मुक्कामी पोचल्यावर जे आधी लागतं ते शेवटी चढवलेलं असतं. सकाळी सगळं पुन्हा वर. किंवा ऊसतोडीला निघालेल्या बीडकडच्या कुटुंबांचा ट्रक आठवा. त्यावरही एक अख्खं घर बांधलेलं असतं, पण ते हौसेनं नाही. हे लक्षात असलं की रस्त्यावर राहण्याचा माज येत नाही. आपण रविवारी परत येणार असतो.

म्हणून मुक्कामाच्या जागेचंही बोलू. कासच्या पठारावर, समुद्राच्या वाळूत, नदीच्या पात्रात गाडी घालायची नाही. फुलं चिरडतात, भरतीला चाकं रुततात, वर धरणातून पाणी सुटलं तर ते सांगून येत नाही. पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या दरडीखाली थांबू नका. शेत दिसलं तर मालकाला विचारा. 'काका, रात्रभर गाडी लावू का?' एवढं विचारलं की बहुतेक वेळा चहासुद्धा मिळतो. कचरा आपल्याच क्रेटमधून परत आणायचा.

पण सगळा भार आपल्याच शिस्तीवर टाकूनही चालणार नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅन आणि कॅरव्हॅन पार्कचा विचार आहे, ही चांगली गोष्ट. पण घरची पिकअप घेऊन निघालेल्या दोन मैत्रिणींना कॅरव्हॅन पार्कचा थाट नकोय. त्यांना हवाय दिवा, स्वच्छ आणि कडी लागणारं टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि रात्री जागा असलेला एक माणूस. मुलगा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात गाडी लावून झोपू शकतो. मुलीला घरून परवानगी मिळत नाही ती गाडीच्या सेटअपमुळे नाही, मुक्कामामुळे. पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या आवारात, एसटीच्या आगारांजवळ, देवस्थानांच्या वाहनतळावर माफक पैसे घेऊन अशा रात्रीच्या जागा करता येतील. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही. आणि काय बसवलं तर बदल ठरतो, काय ठेवलं तर सामान, हे परिवहन खात्यानं सोप्या मराठीत एका पानावर सांगावं. नियम कळला तर पाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

ते होईल तेव्हा होईल. या शनिवारी टेप घ्या, हौदा मोजा, क्रेट मांडा आणि पहिली रात्र घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्येच काढा. डास किती, पाठ कुठं दुखते, पंखा पुरतो का, कोणती वस्तू हाताशी हवी होती, सगळं लिहून ठेवा. ती यादी तुमची खरेदीची यादी. आणि सकाळी उठल्यावर घड्याळ लावून हौदा रिकामा करून बघा. अर्ध्या तासात झाला तर पुढच्या शनिवारी चावी मागायला हरकत नाही.